बस्तिच्छेद कीं बस्तिरक्षण? : सुश्रुताच्या एका वचनाचा विनियोग व त्याची दुरुस्ती

१

प्रस्तुत लेख लिहिण्यास जें निमित्त झालें तें आरंभींच सांगणें अवश्य आहे. कारण हा लेख एका अर्थीं दुरुस्तीपत्र आहे, आणि चूक दुसऱ्या कोणाची नसून आमचीच आहे. आमचे एक स्नेही आहेत. त्यांच्या घरीं वैद्यक व ज्योतिष ह्या विषयांवरील जुन्या पोथ्यांचा चांगला संग्रह आहे. गेल्या वर्षीं त्यांस लघवीवाटे रक्त जाऊं लागलें. वेदना नव्हती, म्हणून त्यांनीं तीन महिने तिकडे दुर्लक्ष केलें. पुढें तपासणी होऊन मूत्राशयांत कर्करोगाची गांठ असून ती स्नायूच्या थरांत शिरली आहे, असें निष्पन्न झालें. शस्त्रवैद्यांनीं सबंध मूत्राशय काढून टाकण्याचा सल्ला दिला. त्याच वेळीं असेंही सांगितलें कीं, कांहीं रोग्यांच्या बाबतींत मूत्राशय राखून किरण व औषधें ह्यांच्या योगानें उपचार करितां येतो, यास्तव त्या शाखेच्या वैद्यांचाही विचार घ्यावा. स्नेही आमच्याकडे आले व म्हणाले, "मास्तर, तुम्ही सुश्रुत पढलेले. जुन्यांचा कौल कोणीकडे पडतो तेवढें सांगा."

आम्हीं ग्रंथ न उघडतां चिकित्सास्थानांतील अर्बुदाविषयींचें वचन म्हणून दाखविलें. त्याचा आशय असा कीं, अर्बुद काढतांना दोषाचा शेष ठेवला तर तें लवकरच पुनः उद्भवतें. यासाठीं तें निःशेष काढावें, कारण उरलेला अंश अग्नीप्रमाणें घात करितो. "म्हणजे सबंध काढावें, असाच ना अर्थ?" त्यांनीं विचारलें. आम्हीं मान हलविली.

रात्रीं निर्णयसागर छापखान्याची १९३८ सालची, यादवजी त्रिकमजी आचार्य ह्यांनीं शोधून छापलेली प्रत घेऊन बसलों, आणि आपण मान हलविण्याची घाई केली हें ध्यानांत आलें. वचन खरें होतें, आशयही खरा होता. विनियोग खोटा होता. संशोधकाच्या हातून ताम्रपटाचा शक चुकला तर पुढच्या अंकांत दुरुस्ती छापून भागतें. येथें एका माणसाच्या शरीराचा प्रश्न होता. दुसऱ्या दिवशीं सकाळींच त्यांच्या घरीं जाऊन आम्हीं आपलें म्हणणें मागें घेतलें, आणि त्यानंतर जें वाचलें व ताडून पाहिलें तें येथें क्रमानें मांडीत आहों. संग्रहांतील वैद्यकाच्या पोथ्यांवरून आजच्या रोग्यास कौल देण्याचा मोह आमच्यासारख्या इतर मंडळींसही होत असेल, असें वाटल्यावरून हा विस्तार केला आहे.

२

प्रथम ग्रंथार्थ पाहूं. वरील वचन चिकित्सास्थानाच्या अठराव्या अध्यायांतील आहे. त्यांत 'निःशेष' हें विशेषण अर्बुदास लागतें. ज्या अवयवावर अर्बुद उठलें त्या अवयवास लागत नाहीं. मांडीवरचें अर्बुद समूळ काढावें, एवढ्यावरून मांडी तोडावी असा विधि निघत नाहीं. दुसरें असें कीं, ह्याच विषयाचें पूर्वांग निदानस्थानाच्या अकराव्या अध्यायांत आहे, आणि तेथें मर्मावर किंवा स्रोतसांत झालेलें व न हलणारें अर्बुद असाध्य म्हणून वगळलें आहे. आतां बस्ति, म्हणजे मूत्राशय, हा मर्म आहे काय? शारीरस्थानाच्या सहाव्या अध्यायांत १०७ मर्में सांगितलीं असून त्यांपैकीं १९ सद्यःप्राणहर आहेत. बस्ति त्यांतलाच आहे. नवव्या अध्यायांत मूत्रवह स्रोतसांचें मूळही बस्तीच सांगितला आहे. चरकानें तर सिद्धिस्थानांत हृदय, मस्तक व बस्ति हीं तीन मर्में सर्वांत श्रेष्ठ म्हणून निराळीं काढलीं आहेत. तात्पर्य, ज्या वचनाचा आम्हीं बस्तीवर विनियोग केला, त्या वचनाच्या कक्षेंतून ग्रंथकारानें बस्ति आधींच बाहेर काढला होता. उत्सर्ग सांगावा आणि अपवाद विसरावा, असा हा प्रकार झाला.

तथापि सुश्रुतानें बस्तीस शस्त्र लावूंच नये असें म्हटलेलें नाहीं. मर्मप्रकरणांतच एक अपवाद आहे: अश्मरीसाठीं केलेला व्रण सोडून बस्तीवरील घाव प्राण घेतो, त्यांतही दोन्ही बाजूंनीं भेद झाला तर रोगी जगत नाहीं, आणि एका बाजूनें झाला तर मूत्र स्रवणारा व्रण होतो, पण तो यत्नानें भरून येतो. हा तर्क नव्हे. हातांनीं काम केलेल्या मनुष्याचा अनुभव आहे. चिकित्सास्थानाच्या सातव्या अध्यायांत ह्या कर्माचा सर्व विधि दिला आहे. प्रथम तुपें, क्षार व काढे ह्यांनीं यत्न करावा. त्यानें न भागल्यास रोग्यास दुसऱ्या धीट माणसाच्या मांडीवर टेकवून निजवावें, डाव्या हाताचीं दोन बोटें गुदांत घालून खडा गांठीसारखा वर आणावा, शिवणीच्या डाव्या बाजूस यवमात्र अंतर सोडून खड्याच्या मानानें छेद घ्यावा, आणि मूत्र व शुक्र वाहून नेणाऱ्या मार्गांसह आठ जागा संभाळाव्या. खडा फुटूं देऊं नये. कारण त्याचें थोडें चूर्ण राहिलें तरी तें पुनः वाढतें.

हें शेवटचें वाक्य वाचून आम्ही थबकलों. अर्बुदाविषयीं जो नियम, तोच अश्मरीविषयीं: शेष ठेवूं नये. परंतु येथें निःशेष काढावयाचा तो खडा. बस्ति राखावयाचा आहे. म्हणजे रोग समूळ काढणें व मर्म राखणें हे दोन नियम एकाच कर्मांत एकत्र नांदतात. आणि ह्या शस्त्रविधीच्या आरंभीं ग्रंथकार बजावतो कीं, कुशल वैद्याच्या हातींही येथील यश अनिश्चित आहे. कर्म न केल्यास मृत्यु ठरलेला, केल्यास संशय. म्हणून राजाची अनुज्ञा घेऊनच हात घालावा.

दोन इशारे येथेंच देऊन ठेवितों. उत्तरतंत्रांतील मूत्राघातप्रकरणांत मूत्रग्रंथि नांवाचा रोग सांगितला आहे. बस्तीच्या मुखाशीं आंतून वाटोळी, लहान व स्थिर गांठ होऊन ती मूत्रमार्ग अडविते व तीव्र वेदना करिते, अशी तिचीं लक्षणें आहेत. हा मूत्राशयाचा कर्करोगच होय, असें कोणी म्हणेल; पण तेवढ्या लक्षणांवर ती प्रॉस्टेट ग्रंथीची वृद्धीही ठरूं शकते. आमच्या पूर्वजांस सर्व ठाऊक होतें असें दाखविण्याच्या भरांत ग्रंथाच्या तोंडीं नसलेलें बोलणें घालूं नये. दुसरा इशारा 'बस्ति' ह्या शब्दाविषयीं. पिचकारीच्या उपचारास बस्ति हें नांव पडलें, तें गाय, म्हैस, डुक्कर, बकरा इत्यादि जनावरांच्या मूत्राशयाची पिशवी त्या कामीं वापरीत म्हणून. तेव्हां पोथीच्या सूचींत 'बस्तिकर्म' दिसल्याबरोबर तेथें मूत्राशयावरील शस्त्रकर्म आहे असें समजूं नये.

३

युरोपांतही प्राचीन मत असेंच होतें. हिपोक्रॅटिसच्या नांवावर असलेल्या सूत्रसंग्रहांत मूत्राशयाची जखम प्राणघातक म्हणून मेंदू व हृदय ह्यांच्या जखमांबरोबर गणली आहे, आणि त्याच्या नांवानें चालणाऱ्या शपथेंत खड्याच्या रोग्यावर शस्त्र न चालविण्याचें वचन आहे. पुढें कित्येक शतकें खडा काढणारे कारागीर फिरतीवर काम करीत. पण मूत्राशयाच्या आंत काय आहे हें जिवंतपणीं पाहण्याचें साधन नव्हतें. तें मॅक्स निट्झे ह्यानें व्हिएन्ना येथें १८७९ मध्यें दिव्याची नळी दाखविली तेव्हां हातीं आलें. गांठ कोठें आहे, एक आहे कीं अनेक, देंठावर आहे कीं भिंतीत रुतली आहे, हें तेव्हांपासून दिसूं लागलें.

तत्पूर्वीं एक प्रश्न उभा होता: मूत्राशय काढला तर मूत्रानें जावें कोठें? लंडन येथें जॉन सायमन ह्यानें १८५२ मध्यें, जन्मतःच मूत्राशय उघडा असलेल्या एका मुलाच्या मूत्रनळ्या गुदाशयाकडे वळविण्याचा प्रयत्न केला. रोगी फार काळ जगला नाहीं, पण मार्ग सुचला. पुढें १८८७ च्या जानेवारींत जर्मनींतील कोलोन शहरीं बार्डनहॉयर ह्यानें कर्करोगासाठीं सबंध मूत्राशय काढला. मूत्रनळ्यांस नवी वाट करून देणें त्यास साधलें नाहीं, आणि रोगी सुमारें दोन आठवड्यांनीं मरण पावला. १८८९ मध्यें प्राग येथें पाव्लिक ह्यानें एका स्त्रीच्या मूत्रनळ्या योनिमार्गांत जोडून मूत्राशय काढला. ती स्त्री पुढें अनेक वर्षें जगली. म्हणजे बस्तिच्छेदानंतर मनुष्य जगूं शकतो, हें ठरण्यास दोन वर्षें पुरलीं. तो बहुधा जगेल असें म्हणण्यास मात्र अर्धें शतक लागलें.

ह्याच काळांत रोगाच्या कारणाचाही धागा लागला. फ्रँकफर्टचा शस्त्रवैद्य रेन ह्यानें १८९५ मध्यें रंगाच्या कारखान्यांतील कामगारांस मूत्राशयाच्या गांठी होतात हें प्रसिद्ध केलें. आज तंबाखूचें धूम्रपान हें ह्या रोगाचें सर्वांत मोठें कारण मानलें जातें. विडी ओढणाऱ्यांनीं हें वाक्य दोनदां वाचावें. १९१० मध्यें न्यूयॉर्क येथें एडविन बीअर ह्यानें नळींतून विद्युत्प्रवाह नेऊन मूत्राशयांतील वरवरच्या गांठी पोट न फाडतां जाळल्या. येथून दोन मार्ग फुटले. जी गांठ अस्तरापुरती आहे तिच्यासाठीं बस्तिरक्षण हा मार्ग निर्विवाद झाला; १९७६ मध्यें कॅनडांत मोरालेस ह्यानें क्षयावरील बीसीजी लस मूत्राशयांत सोडून ह्या मार्गास मोठें बळ दिलें. हें औषध आज पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्येंही तयार होतें. वादाचा विषय राहिला तो स्नायूंत शिरलेल्या गांठीचा, आणि आमच्या स्नेह्यांची गांठ त्याच वर्गांतील होती.

४

स्नायूंत शिरलेल्या गांठीस संपूर्ण छेद हाच सिद्धान्त कसा ठरला, हें पाहण्यासारखें आहे. १९४६ मध्यें अमेरिकेंत ज्यूएट व स्ट्राँग ह्यांनीं मूत्राशयाच्या कर्करोगानें मेलेल्या १०७ माणसांच्या शवच्छेदांची नोंद तपासली. गांठ जितकी भिंतीत खोल, तितका रोग बाहेर पसरलेला, असें त्यांस आढळलें. रोगाची पायरी त्याच्या आकारावरून नव्हे तर खोलीवरून मोजण्याची पद्धति ह्यांतून रूढ झाली, आणि ती आजही चालू आहे.

तोंपर्यंत मूत्राची वाट आंतड्यांत काढीत. कॉफी ह्यानें १९११ मध्यें ती जोडणी सुधारली होती. परंतु अशा रोग्यांच्या रक्तांत आम्लता वाढून ते खंगत, हें १९५० मध्यें फेरिस व ओडेल ह्यांनीं दाखविलें. त्याच वर्षीं सेंट लुई येथील ब्रिकर ह्यानें लहान आंतड्याचा एक तुकडा वेगळा काढून, त्यास मूत्रनळ्या जोडून, त्याचें एक तोंड पोटावर उघडण्याची रीत प्रसिद्ध केली. पोटावर पिशवी लावावी लागते, पण मूत्रपिंडें वांचतात. ह्या एका सुधारणेनें बस्तिच्छेद व्यवहार्य झाला. न्यूयॉर्कच्या मेमोरियल रुग्णालयांतील व्हिटमोर व मार्शल ह्यांनीं १९६२ मध्यें अशा २३० छेदांची पांच वर्षांपर्यंतची हकीकत छापली. पुढें आंतड्याचीच पिशवी शिवून ती मूळ मार्गास जोडण्याची युक्ति फ्रान्सांत कामे ह्यानें व स्वित्झर्लंडांत स्टूडर ह्यानें पुढें आणली.

येथें एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. बस्तिच्छेद म्हणजे केवळ एक पिशवी काढणें नव्हे. पुरुषांत त्याबरोबर प्रॉस्टेट ग्रंथि व शुक्राशय जातात; स्त्रियांत बहुधा गर्भाशय व योनीचा कांहीं भाग जातो; भोंवतालच्या लसिकाग्रंथिही काढतात. सुश्रुतानें ज्या आठ जागा संभाळण्यास सांगितलें, त्यांपैकीं बहुतेक येथें हेतुपूर्वक दिल्या जातात. बदल्यांत मिळते ती रोगाचें मूळस्थान निःशेष झाल्याची खात्री. पण मूळस्थान निःशेष झालें म्हणजे रोग निःशेष झाला काय? ज्यूएट व स्ट्राँग ह्यांच्या नोंदीचें दुसरें टोंक तेंच सांगतें: खोल गेलेल्या रोगाचे कण छेदापूर्वींच दूर गेलेले असूं शकतात. म्हणूनच २००३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन चाचणींत ३१७ रोग्यांपैकीं अर्ध्यांस छेदापूर्वीं औषधांचीं आवर्तनें दिलीं तेव्हां त्यांचें मध्यम आयुर्मान ४६ महिन्यांवरून ७७ महिन्यांवर गेलें. सुरी जेथें पोंचत नाहीं तेथें औषध पोंचलें.

५

आतां संग्राहकांस विशेष रुचेल असें एक प्रकरण सांगतों. हुबर्ट हंफ्री हे १९६५ ते १९६९ अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष होते व १९६८ मध्यें राष्ट्राध्यक्षपदासाठीं उभे राहिले होते. १९६७ मध्यें त्यांच्या लघवींतून रक्त गेलें. नमुने तपासणाऱ्यांत एकमत झालें नाहीं. कोणास कर्करोग दिसला, कोणास दिसला नाहीं. मूत्राशय राखूनच देखरेख चालली. १९७३ मध्यें किरणोपचार झाला. १९७६ मध्यें रोग आंत शिरल्याचें निश्चित होऊन त्या वर्षींच्या ऑक्टोबरांत न्यूयॉर्क येथें त्यांचा मूत्राशय काढण्यांत आला. १३ जानेवारी १९७८ रोजीं ते मरण पावले.

गोष्ट येथें संपली असती. पण १९६७ चे नमुने कोणीं टाकून दिले नव्हते. १९९४ मध्यें संशोधकांनीं ते कपाटांतून काढून नव्या साधनांनीं वाचले. १९७६ च्या गांठींत पी५३ नांवाच्या जनुकांत जो विशिष्ट बिघाड होता, तोच बिघाड नऊ वर्षांपूर्वींच्या पेशींत सांपडला. म्हणजे १९६७ मधील वादांत रोग आहे म्हणणाऱ्यांचा पक्ष बरोबर होता. त्यांच्या हातीं तो सिद्ध करण्याचें साधन तेवढें नव्हतें. कीड लागलेलीं पानें "निरुपयोगी" म्हणून नदींत सोडणाऱ्यांस हें उदाहरण जरूर सांगावें. आज न लागणारें अक्षर सत्तावीस वर्षांनीं लागूं शकतें. मात्र तोंवर पान शिल्लक पाहिजे.

परंतु ह्या प्रकरणावरून "बस्ति राखला म्हणून हंफ्री गेले" असा सरळ निष्कर्ष काढणारे भेटतात. तो आम्हांस मान्य नाहीं. १९६७ सालचें रक्षण हें आजच्या अर्थाचें रक्षण नव्हतें. ज्या रोगाचा निर्णयच झाला नव्हता, त्याची ती वाट पाहणी होती. नांव एक म्हणून वस्तु एक होत नाहीं. 'बस्तिकर्म' शब्दाविषयीं वर दिलेला इशारा येथेंही लागू आहे.

६

आजच्या अर्थाचें बस्तिरक्षण त्रिविध आहे. प्रथम नळींतून गांठ शक्य तितकी समूळ खरवडून काढावयाची; नंतर मूत्राशयावर किरणोपचार; आणि त्याच्या जोडीस किरणांचा प्रभाव वाढविणारें औषध. बोस्टन येथील शिप्ले व त्यांचे सहकारी ह्यांनीं १९८७ मध्यें, शस्त्रकर्मास अयोग्य अशा रोग्यांवर सिस्प्लॅटिन हें औषध व किरण ह्यांचा एकत्र उपयोग केल्याचा वृत्तान्त छापला. पुढें हा मार्ग शस्त्रास योग्य असलेल्यांसही खुला झाला. १९८६ ते २००६ ह्या काळांत तेथें अशा रीतीनें उपचार केलेल्या ३४८ रोग्यांपैकीं २९ टक्क्यांस पुढें केव्हां तरी मूत्राशय काढावा लागला. पांच वर्षांनंतर रोगामुळें न दगावलेल्यांचें प्रमाण शेंकडा ६४ होतें. इंग्लंडांतील ३६० रोग्यांच्या चाचणीचें फळ २०१२ मध्यें बाहेर आलें. नुसत्या किरणांनीं दोन वर्षें श्रोणिप्रदेशांत रोगमुक्त राहिलेले शेंकडा ५४, तर जोडीस औषध दिलेले शेंकडा ६७.

मग दोन मार्ग समोरासमोर ठेवून, चिठ्ठ्या टाकून, अर्ध्यांस हा व अर्ध्यांस तो असें कां केलें नाहीं? तसा यत्न इंग्लंडांत झाला. पण त्या चाचणींत अवघे ४५ रोगी मिळाले आणि २०१० मध्यें ती बंद करावी लागली. आपला मूत्राशय राहावा कीं जावा हें चिठ्ठीवर सोपविण्यास लोक तयार नव्हते. वैद्यही मनांत एक पक्ष धरून होते. ह्यांत कोणास दोष द्यावा असें आम्हांस वाटत नाहीं. मात्र परिणाम असा झाला कीं, प्रमाण म्हणून आपणांपुढें आहेत ते दोन निरनिराळ्या परंपरांचे कागद. जुन्या तुलनेंत रक्षणाकडे बहुधा वृद्ध व दुर्बल रोगी जात, आणि मग त्यांचें फळ वाईट दिसे. एका शाखेची धड प्रत व दुसऱ्या शाखेची कसर लागलेली प्रत घेऊन पहिलीच शाखा शुद्ध असें ठरवावें, तसा तो न्याय होता.

हा दोष शक्य तितका काढून केलेली तुलना २०२३ मध्यें प्रसिद्ध झाली. अमेरिका व कॅनडा ह्यांतील तीन केंद्रांतून दोन्ही मार्गांस योग्य असेच ७२२ रोगी निवडले. त्यांपैकीं ४४० जणांचा मूत्राशय काढला होता व २८२ जणांचा राखला होता. वय, प्रकृति इत्यादि गोष्टी गणितानें समतोल केल्यावर, पांच वर्षें रोग शरीरांत अन्यत्र न पसरलेल्यांचें प्रमाण छेदांत शेंकडा ७४ व रक्षणांत ७५ आलें. राखलेल्यांपैकीं ३८ जणांस, म्हणजे शेंकडा १३ जणांस, पुढें छेद करावा लागला. चिठ्ठ्यांची चाचणी नव्हे, म्हणून हें शेवटचें प्रमाण नव्हे; परंतु "राखणें म्हणजे रोग राखणें" हा जुना आक्षेप ह्यापुढें सरसकट टिकत नाहीं.

मात्र त्यांतील 'योग्य' हा शब्द पुसूं नये. त्या निवडींत गांठ एकच व सात सेंटिमीटरांहून लहान असावी, दोन्ही मूत्रपिंडें तुंबलेलीं नसावीं, अस्तरावर रोग दूरवर विखुरलेला नसावा, अशा अटी होत्या. शिवाय मूत्राशय मुळांत नीट काम करणारा हवा. निकामी पिशवी राखून काय साधणार? आणि राखणाऱ्यानें जन्मभर ठराविक काळानें नळीची तपासणी करून घेण्यास तयार असलें पाहिजे, व रोग पुनः दिसल्यास छेदासही. हे नियम न पाळणाऱ्यानें रक्षणाचें नांव घेऊं नये.

७

एवढें झाल्यावर मूळ प्रश्नाकडे वळतों. मीमांसकांनीं विकल्पाविषयीं बारकाईनें विचार केला आहे. अतिरात्रांत षोडशी पात्र घ्यावें व न घ्यावें, अशीं दोन समबल वचनें आलीं तेथें त्यांनीं नाइलाजानें विकल्प मानला. कारण विकल्पांत एक वचन काढून दुसरें घालावें लागतें, आणि हा दोष त्यांस सहन होत नसे. जेथें साधेल तेथें त्यांनीं व्यवस्थितविकल्प पत्करला: अमक्या अधिकाऱ्यास हें, तमक्यास तें. बस्तिच्छेद व बस्तिरक्षण ह्यांचा विकल्प आमच्या मतें ह्या दुसऱ्या जातीचा आहे. बहुतेक रोग्यांस त्यांच्या रोगाचें रूपच एका बाजूस नेतें. थोडे असे राहतात कीं, त्यांस दोन्ही मार्ग खुले आहेत. तेथें मात्र इच्छा प्रमाण, आणि ती इच्छा रोग्याची. सुश्रुताच्या वैद्यानें राजास विचारावयाचें होतें. आज ज्याचें शरीर त्यास विचारावें लागतें, आणि विचारण्यापूर्वीं दोन्ही बाजू सांगाव्या लागतात. स्नेह्यांच्या शस्त्रवैद्यांनीं तसेंच केलें होतें. घाई केली ती आम्हीं.

स्नेही नंतर किरणोपचाराच्या वैद्यांसही भेटले. सबंध तपासणींत असें आढळलें कीं, मुख्य गांठ मूत्रनळीच्या तोंडाशीं असल्यामुळें एक मूत्रपिंड फुगलें आहे, आणि अस्तरावर रोगाचे ठिपके ठिकठिकाणीं पसरले आहेत. किरणवैद्यांनीं स्वतःच सांगितलें कीं, ह्या स्थितींत रक्षणाचा आग्रह आपण धरणार नाहीं. प्रथम औषधें व मग छेद, असा निर्णय झाला, आणि तो स्नेह्यांनीं समजून उमजून घेतला. ज्या दिवशीं आम्हीं मान हलविली त्या दिवशींच्या निर्णयाहून हा निर्णय फळतः निराळा नव्हता. "मग तुम्ही पहाटे धांवत येऊन काय मिळविलेंत?" असें त्यांनीं पुढें हंसून विचारलें. आम्हीं म्हणालों, अक्षर तेंच लागलें, पण आतां तें कोणत्या प्रतीवरून लागलें हें सांगतां येतें. खोट्या प्रमाणावरून खरा निकाल निघाला तर तो दैवयोग होय. दुसऱ्या रोग्याच्या वेळीं तेंच प्रमाण त्याचा राखण्याजोगा बस्ति घालवून बसेल.

छेद होऊन आतां दहा महिने झाले. पोटावरील पिशवी बदलण्यास ते सकाळचीं वीस मिनिटें देतात, आणि त्यानंतर पूर्वीप्रमाणें पोथ्यांच्या सूचीस बसतात. तीन महिन्यांनीं होणाऱ्या तपासण्या आजवर निर्दोष आल्या आहेत, पुढचें पुढें. त्यांच्या संग्रहांतील अश्मरीचिकित्सेच्या एका त्रुटित पोथीचीं पानें लावण्याचें काम सध्या आम्ही दोघे मिळून करीत आहों. वैद्यकाच्या पोथ्या ज्यांच्यापाशीं असतील त्यांस विनंति एवढीच कीं, त्या जपाव्या, वाचाव्या, छापाव्या. पण त्यांतील वचन आजाऱ्याच्या कानांत सांगण्यापूर्वीं त्याच्या मागचा व पुढचा अध्याय अवश्य पाहावा, आणि तेवढ्यावरही न थांबतां आजाऱ्यास वैद्याकडे धाडावें.